न परतलेल्या कवळ्या

चांगली बसलेली कवळी परत येत नाही. परत येते ती मोडलेली, टोचणारी, नाहीतर वारलेल्या आईच्या कपाटात सापडलेली आणि ‘हिचं आता काय करायचं’ असं विचारायला मुलाने आणलेली. दातांच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं कवळ्या करणाऱ्या आत्याला स्वतःच्या कामाविषयी जे काही ठाऊक होतं, ते या परत आलेल्या कवळ्यांनी सांगितलेलं. न परतलेल्या हजारोंचं पुढे काय झालं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. त्रेपन्नाव्या वर्षी, एका बुधवारी सकाळी, भाचीची सॅक पाठीला लावून ती ते बघायला निघाली.

आत्या हे अर्थातच तिचं नाव नाही. तिने लग्न केलं नाही. भाऊ, वहिनी आणि भाची यांच्या घरात ती राहते. भाची लहान असताना लॅबमध्ये फोन करून ‘आत्या आहे का’ असं विचारायची. तेच नाव लॅबमध्ये रुजलं आणि वर्षभरात मालकही, तिच्याहून आठ वर्षांनी मोठे असून, तिला आत्या म्हणू लागले.

तिचं काम समजायला सोपं आहे. लहान गावांतले दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो आणि तो कापसात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून शहरातल्या लॅबमध्ये येतो. खोक्यावर गावाचं नाव, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं वय, स्त्री की पुरुष, दातांच्या रंगाचा नंबर. बस्स. आत्या त्या साच्यावर मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिकची हिरडी शिजवून घेते, घासते, चमकवते. खोकं आल्या पत्त्यावर परत जातं. या सगळ्यात माणूस कुठेच येत नाही. ‘अडुसष्ट, स्त्री’ एवढ्या दोन शब्दांवरून तिने मनाशी चेहरा रचायचा आणि त्या चेहऱ्याला शोभतील असे दात लावायचे.

तिच्या दोन खोडी होत्या. वरच्या कवळीत, समोरच्या दोन मोठ्या दातांच्या उजवीकडचा दात ती केसभर तिरका बसवायची, कारण कवायतीला उभे केल्यासारखे दात लांबूनही खोटे दिसतात. आणि हिरडीचं मेण मऊ असताना त्यावर दात घासायच्या ब्रशाने बारीक टोचे मारायची, म्हणजे हिरडी प्लास्टिकसारखी न दिसता कातडीसारखी दिसते. दोन्ही गोष्टी तिला कोणी शिकवल्या नव्हत्या आणि कोणी थांबवलंही नव्हतं.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये यंत्र आलं. माप स्क्रीनवर येतं, दात स्क्रीनवरच बसतात आणि यंत्र अख्खी कवळी कोरून देतं. मालकांनी आत्याला बोलावून सांगितलं, “आत्या, तुमची खुर्ची आता एसीत. स्क्रीनवर बघायचं, चूक दिसली तर बोट ठेवायचं. डोळे तुमचे, हात यंत्राचे. साठीपर्यंत कोणी उठवणार नाही.” दुसरा पर्याय होता पुष्पगुच्छ आणि निवृत्ती. “शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसेल.”

आत्याच्या मनात तिसरा पर्याय होता. भावाच्या घराच्या मागच्या बाल्कनीत स्वतःचं टेबल टाकायचं. तीन-चार डॉक्टर काम पाठवायला तयार होते. पण टेबल टाकायचं ते कशाच्या जोरावर? तिच्या कवळ्या परत कमी यायच्या, लॅबमध्ये सगळ्यात कमी. मात्र कवळी दोन कारणांनी परत येत नाही. एक तर ती तोंडात असते, नाहीतर खणात असते. लॅबमध्ये बसून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून तिने स्वतःशी ठरवलं होतं: तोंडात सापडल्या तर टेबल, खणात सापडल्या तर खुर्ची.

घरी तिने फक्त ‘फिरायला जाते’ एवढंच सांगितलं.

“कोणाबरोबर?” भावाने पेपर खाली न घेता विचारलं.

“एकटीच.”

“कुठे?”

तिने खोक्यांवर वाचून पाठ झालेली पाच-सहा गावं सांगितली. भावाने पेपर खाली घेतला. “तिथे काय आहे बघायला?”

“माणसं.”

“इथली संपली का?” वहिनी आतून म्हणाली. “सत्तावीस वर्षं मान खाली घालून बसलीस. आम्हालाही एकदा बघून घे, मग जा.”

भाचीने मात्र तिची बाजू घेतली आणि सॅक कशी भरायची ते शिकवलं: जड सामान पाठीलगत, रोज लागणारं वर, पट्टा कमरेला आवळायचा. रात्रीतून आत्याने सॅक भरली. सकाळी भाचीने उघडून पाहिलं तर साबणाची डबी, चष्मा, तेलाची बाटली, सगळं वेगवेगळं कापसात गुंडाळलेलं.

“आत्या, तू फिरायला चालली आहेस की कुरियरने?”

“प्रवासात आदळतं गं.”

पहिलं गाव साडेचार तासांवर होतं. नदीवर दोन पूल होते, एक वापरातला आणि एक तसाच. गावातल्या एकुलत्या एका दंतवैद्याच्या दारावर ‘सोमवारी भेटू’ अशी पाटी लटकत होती. एकटीने फिरण्याचा आत्याला मुळीच अनुभव नव्हता आणि पहिल्या दोन तासांत तिला कळलेली गोष्ट अशी की, लहान गावात ‘कोणाकडे आलात?’ या प्रश्नाला ‘कोणाकडेच नाही’ हे उत्तर चालत नाही. चहावाल्याने विचारलं, लॉजवाल्याने विचारलं, नकाशा विचारला त्या औषधवाल्याने तर नकाशा राहू दे म्हणून तेच विचारलं. खाणावळीत वाढणारा ‘किती जण?’ म्हणाला आणि ‘एक’ ऐकूनही दोन ताटं मांडून गेला. आत्याने समोरच्या खुर्चीवर सॅक बसवली.

दुसरी गोष्ट मात्र सोयीची निघाली. एकट्या माणसाला टक लावून बघायला भरपूर वेळ मिळतो. तिने दुपारभर गावाची तोंडं पाहिली. बोलणारी, जांभया देणारी, भाव करणारी. सलूनच्या बाहेरच्या बाकावर बसली असताना तिला आरशात सलूनवाला हसताना दिसला. साठीचा माणूस, दात पांढरेशुभ्र, आणि समोरच्या दोन दातांच्या उजवीकडचा दात केसभर तिरका. आत्या उठली आणि थेट दारात जाऊन उभी राहिली.

“वरची घट्ट बसते ना?”

“काय?”

“कवळी. मीच केलीय ती.”

वस्तरा हवेत थांबला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने साबणाच्या फेसातून एक डोळा उघडला.

“बाई,” सलूनवाला म्हणाला, “हे दात माझ्या आईने केलेत. तुमचा काय संबंध?”

“बघा हं,” फेस बोलला, “साठीला एवढे पांढरे म्हणजे मलाही संशय होताच.”

“तू गप्प बस, वस्तरा माझ्या हातात आहे.” सलूनवाल्याने तो तिरका दात दोन बोटांत धरून हलवून दाखवला. हलला नाही. “ओढा. या, ओढा. लाजू नका.”

आत्याने ओढला नाही, पण चष्मा लावून, वाकून नीट पाहिला. “छान तिरका आहे,” ती शेवटी म्हणाली. सत्तावीस वर्षं ती ज्याची नक्कल करत होती, तोच समोर आला आणि तिने त्याला नक्कल ठरवलं. दुसऱ्या कोणालाही ही चूक करता आली नसती.

गिऱ्हाइकाला आता राहवेना. त्याने तोंडात हात घालून स्वतःची वरची कवळी काढली आणि आत्याच्या हातावर ठेवली. “याला म्हणतात कवळी. पाच वर्षं झाली.”

आत्याने ती उलटसुलट केली. हिरडी गुळगुळीत होती, ब्रशाचे टोचे नव्हते. “ही आमची नाही.”

“घे,” सलूनवाला म्हणाला, “तुझे दात चोरीचे निघाले.”

“जेवताना वापरता?” आत्याने विचारलं.

“छे! जेवणाची चवच जाते. ही सलूनची कवळी. गाल बसलेले असले की दाढी नीट होत नाही, सुरकुतीत वस्तरा अडकतो. हा सांगतो, घालून ये. म्हणून घालतो.”

आत्या लॉजवर परतली तेव्हा तिच्याकडे एकही उत्तर नव्हतं, पण एक नवा प्रश्न होता. तोंडात आणि खणात या दोनच जागा तिने धरल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, दाढीपुरती तोंडात असलेली कवळी कुठे धरायची?

गुरुवारी सकाळी ती दुसऱ्या गावात उतरली. इथल्या डॉक्टरांची खोकी लॅबमध्ये सगळ्यात जास्त यायची. डॉक्टर पन्नाशीचे, शांत, दोन पेशंटच्या मध्ये हात धुणारे. लॅबचं नाव ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला.

“तुमचं काम उत्तम. कधी तक्रार नाही.”

“पेशंट परत येतात का दाखवायला?”

“ज्यांना जमतं ते कशाला येतील?”

“आणि ज्यांना जमत नाही ते?”

डॉक्टरांनी हात पुसले. “तेही येत नाहीत,” ते म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हात पुन्हा पुसले.

तिने पेशंटची नावं मागितली नाहीत, पण बाहेर रिसेप्शनवरच्या बाईने आतलं सगळं ऐकलं होतं. “नावं आम्हाला सांगता येत नाहीत,” ती न विचारताच म्हणाली. मग रजिस्टरकडे बघत, कोरड्या आवाजात: “राहायला जागा हवी असेल तर सांगू शकते. याच गल्लीत, खाली किल्ल्यांचं दुकान आहे, वर काकू खोली देतात. खोली चांगली आहे. काकू चार वर्षांपूर्वी इथे येऊन गेल्यात. पाण्याची सोय चोवीस तास.”

किल्ल्यांचं दुकान काकांचं. सत्तरीचे, कानावर पेन्सिल, समोर खिळ्यांना लटकलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. काकू त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, बारीक, उंच आवाजाच्या. गावात टेलिफोन एक्स्चेंज होतं तेव्हा त्या तिथे ऑपरेटर होत्या. तीस वर्षं बोलण्याचा पगार घेतला आणि मग सवय मोडली नाही, असं काका सांगतात. आत्याने जिना चढता चढताच पाहिलं: वरची कवळी आहे, खालची नाही. खालचा ओठ आत वळलेला, हनुवटी नाकाकडे निघालेली, आणि बोलताना काकूंचा हात सारखा तोंडापुढे.

जेवायला बसल्यावर काकूंनी वरचीही काढली, रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली आणि पाव सूपमध्ये बुडवून हिरड्यांनी खायला सुरुवात केली. आत्याची नजर रुमालावरून हटेना.

“काय हो ताई, किळस आली का?” काकूंनी विचारलं.

“नाही. बघू का?”

काकूंनी खांदे उडवले. आत्याने रुमाल उघडला. हिरडीवर ब्रशाचे टोचे होते. तिचेच. पण उजवीकडचा दात सरळ होता, शेजाऱ्यांच्या ओळीत. तिने नखाने चाचपून पाहिलं. दाताची एक बाजू सपाट घासलेली होती, सफाईने, एकही ओरखडा न ठेवता.

“हा कोणी घासला?”

“मी,” काका म्हणाले. “वाकडा आला होता. लॅबवाल्यांचा हात चुकला असेल. किल्लीला असा उंचवटा राहिला तर आम्ही ठेवत नाही.”

“चुकला नव्हता,” आत्या म्हणाली. “मी मुद्दाम लावला होता.”

मग सगळं सांगावंच लागलं. लॅब, खोकी, टेबल, यंत्र, शनिवार. काकूंनी चमचा खाली ठेवला.

“म्हणजे तुम्हीच का त्या! चार वर्षं शिव्या देतेय मी. कोणाला देतेय तेच माहीत नव्हतं.”

“आता द्या समोरासमोर.”

“आता जेवायला बसलात, आता कशा देऊ?” काकू उठल्या, कपाटाचा खालचा खण ओढला आणि खालची कवळी काढून टेबलावर ठेवली. नवी कोरी. चार वर्षांत तिला एक ओरखडा नव्हता. “तोंडात घातली की बरी असते. ‘हॅलो’ म्हटलं की उठते. लेक फोन करते तेव्हा मी ऐकतेच फक्त. तीस वर्षं अख्ख्या गावाला जोडून दिलं आणि आता स्वतःच्या लेकीशी हूं हूं करते. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. झाली. हिच्याशिवाय राहायची सवय झाली.”

आत्याने कवळी प्रकाशात धरली. काम निर्दोष होतं. कड गोल, जाडी सारखी, दाढा बरोबर. स्क्रीनवर दाखवली असती तरी कोणाला बोट ठेवायला जागा सापडली नसती. शेजारून काका म्हणाले,

“एक विचारू का, ताई? मापावरून करता तुम्ही?”

“हो.”

“तोंड न बघता?”

“तोंड कधीच बघत नाही.”

“म्हणजे कुलूप न बघता किल्ली.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच नवल वाटलं होतं. “मी साबणावरच्या ठशावरून किल्ली करून देतो. करता येते. पण कुलपात फिरवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही. ठसा सारखा असला तरी आतलं पातं हलतं ना.”

आत्याने काकूंना खालची कवळी घालायला सांगितली आणि म्हणाली, “बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. मला शिव्या द्या. शिवी देताना जीभ सगळीकडे फिरते.”

काकूंनी ही संधी सोडली नाही. चार वर्षांचा साठा होता. पहिल्या मिनिटातच आत्याला दिसलं ते तिने कधीही पाहिलेलं नव्हतं. खालच्या साच्यात, हिरडीच्या कमानीच्या आत, प्लास्टरचं सपाट मैदान असतं. तिच्या डोळ्यांना सत्तावीस वर्षं ते मैदानच दिसत आलं होतं. इथे त्या मैदानाच्या जागी जीभ होती. ती उठत होती, पसरत होती, बाजूंना ढुशा देत होती, आणि दर ‘ल’ला तिच्याखालचा पातळ पडदा ताणला जाऊन कवळीच्या आतल्या कडेला खालून उचलत होता. कवळी ‘उठते’ असं काकू म्हणायच्या ते अक्षरशः खरं होतं.

जीभ असते हे आत्याला अर्थातच माहीत होतं. माहीत असणं आणि ती कडेवर आदळताना बघणं यांत किती अंतर आहे, ते तिला त्या जेवणाच्या टेबलावर मोजता आलं.

शुक्रवारी दवाखाना उघडायच्या आधी ती डॉक्टरांच्या दारात होती. लॅबमधल्या माणसाने पेशंटच्या तोंडाला हात लावायचा नसतो, हा नियम तिने कधी मोडला नव्हता आणि आताही मोडायचा नव्हता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

“आतली कड घासायला हरकत नाही,” ते म्हणाले. “तोंडात घालायचं-काढायचं त्यांचं त्या करतील. पण केसाकेसाने. गेलेली कड परत येत नाही. जास्त गेली तर ती कवळी संपली, आणि त्या बाई पुन्हा माझ्याकडे माप द्यायला येणार नाहीत. संध्याकाळी मला दाखवा.”

काम किल्ल्यांच्या दुकानात झालं. काकांनी सवयीने कवळी टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरायला घेतली आणि आत्या इतक्या जोरात “नको!” म्हणाली की समोरचा शिंपी बाहेर आला. मग काकांनी खणातून सगळ्यात बारीक, सुईसारखी गोल कानस काढून दिली. आत्या हातात धरून घासायची, धुवायची, काकूंकडे द्यायची. काकू स्टुलावर बसून ती घालायच्या आणि बोलायच्या. एक ते शंभर आकडे झाले, जुने टेलिफोन नंबर झाले, त्या नंबरांच्या घरांतल्या भानगडी झाल्या.

“त्या डॉक्टरीणबाईंना रोज अकराला फोन यायचा...”

“तोंड मिटा. द्या इकडे.”

“अहो, ऐका तरी पुढचं!”

“पुढच्या खेपेला.”

काकांना वाटत होतं, कड एकदम दोन मिलीमीटर उडवावी. “एवढी कंजूषी कसली?”

“तुमच्या किल्लीला कोरं पातं दुसरं मिळतं. मला मिळत नाही.”

“पटलं,” काका म्हणाले आणि नंतर फक्त बघत राहिले.

चौथ्या खेपेला आत्याने जिभेखालच्या पडद्यासमोर एक छोटी खाच काढली. पाचव्याला उजवी बाजू उतरवली. सहाव्याला तिला भीती वाटली, कारण आतली कड आता तिच्या सवयीच्या मापापेक्षा आखूड होती. लॅबमध्ये दुसऱ्या कोणी अशी केली असती तर तिनेच ती परत पाठवली असती. ती काही वेळ कानस हातात धरून बसली. मग अजून एकदा घासली. सातव्या खेपेला काकू डॉक्टरीणबाईंच्या फोनची अख्खी हकीगत सांगून मोकळ्या झाल्या आणि तिघांपैकी कोणाचंच लक्ष कवळीकडे गेलं नाही. मग तिघांचंही एकदम गेलं.

“उठली नाही,” काकू म्हणाल्या.

“बोला अजून.”

“आता काय बोलू? आता नेमकं काही सुचत नाही.”

याहून जास्त काही झालं नाही. पावाची कड त्यांना एका बाजूने चावता आली. सफरचंदाच्या फोडीने पहिल्याच चाव्यात कवळी सरकवली. सफरचंदाचा नाद सोडला. संध्याकाळी डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं, जिभेखाली टोचत नाही ना विचारलं आणि कड बोटाने चाचपली.

“माझ्या मापातच ती जास्त आली होती,” ते शेवटी म्हणाले. “तुम्ही मापाप्रमाणे केलीत. चूक कोणाची धरायची?” उत्तराची वाट न बघता त्यांनी विचारलं, “खालच्या कवळीवाले पेशंट मी गुरुवारी बोलावले, तर तुम्ही खुर्चीशेजारी उभ्या राहाल? बघायला?”

“दर गुरुवारी?”

“ते बघू. आधी एका गुरुवारी.”

शनिवारी सकाळी काकूंनी लेकीला फोन लावला. आत्या जिन्यात होती. आतून पाऊण तास एकच आवाज येत होता. मध्येच तो थांबला आणि काकू म्हणाल्या, “नाही गं, तोंडात काही नाही. म्हणजे आहे. दात आहेत.” मग पुन्हा सुरू झाला.

आत्याने संध्याकाळची वाट पाहिली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून मालकांना फोन लावला.

“बोला आत्या, झाली का ट्रीप? खुर्ची पुसून ठेवलीय.”

“मालक, यंत्राने केलेली खालची कवळी परत आली का अजून?”

“एकही नाही. महिना झाला. तेच तर सांगतोय, यंत्र तुमच्याइतकं चांगलं आहे.”

“हो. अगदी माझ्याइतकंच चांगलं आहे,” आत्या म्हणाली. “आम्हा दोघांनाही जीभ दिसत नाही.”

मालकांना कळलं नाही. कळायचं कारण नव्हतं. “म्हणजे हो की नाही?”

“खुर्ची नको.”

“मग टेबल टाकणार ना? मला माहीत होतं. डॉक्टर फोडलेत तुम्ही माझे.”

“टेबलही नाही. टेबलावर मी पुन्हा तेच करीन.”

“तिसरं काय असतं हो?”

तिसरं काय असतं ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं. तिच्याजवळ एका डॉक्टरांचं ‘बघू’ होतं आणि खोक्यांवरची चार गावं अजून बघायची राहिली होती. तोंडात की खणात, हा तिचा निकाल लागला होता आणि तो दोन्ही बाजूंनी लागला होता: वरचे दात तोंडात होते, खालचे खणात. तिने मालकांना तेवढंच सांगितलं की सोमवारी त्या खुर्चीवर कोणालाही बसवा, फक्त त्या माणसाला एकदा तरी कोणाच्या तोंडात बघायला पाठवा. मालक म्हणाले, “आत्या, लॅब आहे की जत्रा?” आणि मग, “पुष्पगुच्छ घ्यायला तरी या.”

तिसऱ्या गावाची बस साडेबाराची होती. सॅक भरून तिने कमरेचा पट्टा आवळला. खाली आली तर दुकानात काकांसमोर समोरचा शिंपी उभा होता, हातात स्टीलचा छोटा डबा. त्याच्यामागे त्याची बहीण. तिच्याही हातात डबा.

“यांची आहे खालची,” काका म्हणाले. “सहा वर्षं खणात. ही बहीण, हिचीपण. मी म्हटलं, बाई निघाल्यात, डॉक्टरांकडे गुरुवारी जा. ऐकत नाहीत.”

“नुसतं बघा हो,” शिंपी म्हणाला. “हात लावू नका. बघायला काय जातं?”

आत्याने घड्याळ पाहिलं. मग कमरेचा पट्टा सोडला, सॅक किल्ल्यांखाली टेकवली आणि स्टूल पुढे ओढलं. शिंपी बसला, डबा उघडून कवळी घातली आणि दवाखान्यात करतात तसा लगेच मोठा आ वासला.

“नाही, नाही,” आत्या म्हणाली, “आ करू नका. बोला. त्या डॉक्टरीणबाईंचा फोन तुम्हालाही माहीत असेलच.”